शून्यघाट भजन मंडळ, अमरावती

प्रिय रेवा आणि ईशान,

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माझी कॉलेजातली इंग्रजीची नोकरी असणार. त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की मी वेळेवर जात असे आणि मुलं येत नसत. म्हणून मी दुसऱ्या नोकरीबद्दल लिहिते आहे. ती निवृत्तीनंतर लागली, तिला पगार नाही आणि ती अजून सुटलेली नाही. मी 'शून्यघाट' नावाच्या डेथ मेटल बँडची व्यवस्थापक आहे आणि त्यांची गाणीही मीच लिहिते.

हे तुम्हाला अर्धवट माहीत आहे. मागे व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं होतं, "आजी, मागे कोण ओरडतंय? कुणाला लागलं का?" मी म्हणाले, "नाही गं, गजू रियाज करतोय," आणि तुमच्या बाबांनी घाईघाईने तिकडच्या बर्फाचा विषय काढला. आता ते तुम्हाला हा लेख वाचून दाखवतील. त्यांनी काही गाळू नये, ही सूचना इथेच लिहून ठेवते.

सुरुवात आमच्या मागच्या खोलीपासून झाली. माझा एक जुना विद्यार्थी, सिद्धार्थ, आम्ही त्याला सिद्धू म्हणतो, मूळचा अकोल्याचा. पाटबंधारे खात्यात लागला आणि अमरावतीत आमच्याच गल्लीत भाड्याने राहायला आला. त्याच्याकडे ड्रम होते आणि घरमालकाकडे सहनशक्ती नव्हती. एका रविवारी तो दारात उभा राहिला. "मॅडम, तुमची मागची खोली रिकामीच आहे ना?" मी त्याला काय वाजवणार ते विचारलं नाही. आठवड्यातले वार, वेळ, चपला कुठे काढायच्या, पाणी कुठून घ्यायचं, एवढं ठरवून घेतलं. वाजवणार काय हे विचारायचं राहिलं, ते पहिल्या दिवशी कळलं. आजोबांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "छान मुलं आहेत." तेव्हापासून सरावाच्या दिवशी ते यंत्र डबीतच असतं, आणि आजोबांचं मतही बदललेलं नाही.

बँडमध्ये तिघं. सिद्धू ड्रमवर. गिटारवर प्रणाली, तेल्हाऱ्याची, इथे फार्मसी शिकते. घरी तिने सांगून ठेवलं होतं की आठवड्यातून तीनदा एका निवृत्त प्राध्यापिकेकडे जाते. ते खरंच होतं. आणि गाणारा गजानन, म्हणजे गजू. त्याच्या वडिलांचं इतवारा बाजारात फुलांचं दुकान आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध, लग्नाचे हार आणि शेवटचे हारही.

ज्यांना या संगीताचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मलाही नव्हता. गिटारच्या तारा ढिल्या करून इतक्या खाली उतरवतात की सूर कानाआधी पोटाला लागतो. ड्रमला पायाने मारायचे ठोके दोन्ही पायांनी, शिवणयंत्रासारखे. आणि गाणं म्हणजे गुरगुर. लोकांना वाटतं तो नुसता ओरडतो. ओरडला असता तर आठवड्यात घसा बसला असता. गळा सैल सोडायचा, जोर पोटातून लावायचा, आणि आवाज खोल विहिरीतून वर काढायचा. पोट रिकामं हवं, छाती मोकळी हवी. गजू सरावाच्या दिवशी दुपारी फक्त ताक पितो. हे पोटाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाणी मरणाची असतात. गजूने सुरुवातीला स्वतःच इंग्रजीत लिहिली होती, त्यांत रक्त आणि कवट्या यांखेरीज फारसं काही नव्हतं, क्रियापदंही नव्हती. मला राहवेना. मी लाल पेन घेतला. पुढच्या आठवड्यात तिघांनी येऊन सांगितलं, "आजी, आता तुम्हीच लिहा." याला पदोन्नती म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

विषय मात्र माझ्याकडे होता. आपल्या विहारात संध्याकाळच्या ध्यानात एक ध्यान असतं: देह पडल्यावर त्याचं काय काय होतं ते क्रमाने मनात बघायचं. फुगतो, सुकतो, हाडं उरतात, ती पांढरी होतात, मग त्यांची भुकटी होते आणि वारा नेतो. हे बघता बघता भीती पातळ होते, असा अनुभव आहे. मी ते गजूला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, आमच्या दुकानातही असंच हाये. एकाच पाटीतला झेंडू सकाळी नवरदेवाच्या गळ्यात अन् दुपारी मयतावर. झेंडूले काई फरक पडत नाई." त्या दिवशी बँडचं नाव शून्यघाट ठरलं.

मी गाणी इंग्रजीत लिहिली. चांगल्या, जुन्या वळणाच्या, घोटीव इंग्रजीत. दीक्षा घेतलेल्या आमच्या घरातली मी पहिली इंग्रजीची पदवीधर. माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांचं म्हणणं असे, तोंड उघडल्यावर कुणाला तुझं गाव आणि गल्ली ओळखता येता कामा नये. मी इतकी मन लावून शिकले की पुढे मराठी बोलतानासुद्धा वऱ्हाडी जिभेवर येईना. तर अशी ती इंग्रजी मी हाडांसाठी वापरली. पहिल्या कार्यक्रमानंतर माझ्या लक्षात आलं की गुरगुरीत एकही शब्द ऐकू येत नाही. तरीही मी स्वल्पविराम तपासत राहिले. कार्यक्रमाआधी गाण्यांच्या छापील प्रती वाटत असे, खाली कठीण शब्दांचे अर्थ. लोक त्यांवर शेंगदाणे ठेवून खात.

तो पहिला कार्यक्रम अकोल्यात झाला. सिद्धूच्या मामांनी कूलरचं दुकान काढलं होतं, उद्घाटनाला त्यांना संगीत हवं होतं. भर मे महिना, अकोल्याचं ऊन, आणि दुकानातले सगळे कूलर एकदम सुरू. त्यांची घरघर इतकी होती की बँड वाजतोय हे गल्लीच्या टोकापर्यंतही पोचलं नाही. गजू जीव तोडून गात होता आणि लोक घाम पुसत कूलरच्या समोर उभे राहत होते. शेवटी मामा कौतुकाने म्हणाले, "भल्लं थंड वाटलं बा!" आमच्या बँडवर आलेला हा पहिला अभिप्राय. मी तो फाईलला लावला.

यानंतर आमची कारकीर्द अशीच चालत राहिली असती, पण मधे एक मयत आली.

झालं असं की गजू दुकानामागच्या खोलीत फुलांवर ओली पोती टाकता टाकता रियाज करत होता. तेवढ्यात पुढे कुणी गृहस्थ हार घ्यायला आले. घरातलं माणूस गेलेलं, मन आधीच जड. आणि आतून, झेंडूच्या ढिगामागून, तो आवाज आला. गृहस्थ हार न घेता चौकापर्यंत पळाले. तिथून त्यांनी गजूच्या वडिलांना फोन केला.

गजूचे वडील दामूभाऊ. यांच्याबद्दल नीट सांगायला हवं. आपल्या वऱ्हाडात खंजिरी भजन असतं. खंजिरी म्हणजे हातात मावेल एवढी, कातडं ताणलेली गोल चौकट, कडेला पितळेच्या चकत्या. एकजण ती वाजवत म्हणतो, बाकीचे मांडी घालून मागे म्हणतात. गावोगाव मंडळं असतात, स्पर्धा होतात, आणि चांगल्या खंजिरीवाल्याला चार तालुके ओळखतात. दामूभाऊंना ओळखतात. पण त्यांचा आवाज अलीकडे गेला होता. खंजिरी राहिली, गळा राहिला नाही. त्यांनी धरून ठेवलं होतं की मंडळ पुढे गजू चालवील. गजूचा गळा लहानपणी सगळ्या इतवाऱ्यात नावाजलेला.

फोन आला त्याच दिवशी दामूभाऊ आमच्या बैठकीत येऊन बसले. चहा घेतला नाही. गजू दाराशी उभा, मान खाली.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी शिकलेल्या बाई. मले वाटलं पोट्टं तुमच्याकडे इंग्रजी शिकून राह्यलं."

"शिकतोही आहे," मी म्हणाले. "त्याची क्रियापदं आता बरीच सुधारली आहेत."

"अन् थे हंबरणं? थेही तुमीच शिकवलं?"

मी त्यांना गळा, पोट, छाती हे सगळं समजावून सांगितलं. विषयाचं गांभीर्य सांगितलं, ध्यानाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, गानं म्हंजे लोकाईनं बसून आयकलं पाह्यजे. एका मानसानं वरडाचं अन् समद्यायनं पळाचं, याले गानं म्हनत नाईत. मी त्याले एक डाव संधी देतो. लोकाईसमोर गावं त्यानं. लोक बसून राह्यले तं मी जन्मभर काई बोलनार नाई. उठून गेले तं हे बंद, अन् उद्यापासून भजनात माह्या मागं बसाचं."

"बाबा, कोन्ते लोक?" गजूने विचारलं. "माहे दोस्त चालतीन का?"

"तुहे दोस्त लोक हायेत का बे?"

गजूने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाला, "बरं. मंजूर." दामूभाऊ गेले आणि तो ड्रमच्या स्टुलावर बसून राहिला. "आजी," तो म्हणाला, "मले भजन येते. वाईट नाई वाटत मले भजनात. पन मंग हे राह्यते नं आतच." एवढंच. आणि छातीवर हात ठेवला. मी त्याला ताक दिलं. याखेरीज अशा वेळी काय करायचं असतं हे मला शिकवलेलं नव्हतं.

आता लोक कुठून आणायचे? व्यवस्थापक मी. अमरावतीत आम्हाला सभागृह कोण देणार! तेवढ्यात सिद्धूने अकोल्याहून येताना एक पत्रक आणलं. बाळापूरच्या पुढे एका गावात जत्रेनिमित्त खंजिरी भजन स्पर्धा. मी नियम वाचले. तुम्ही मला ओळखताच. मी नियम तीनदा वाचले. किमान तीन सदस्य. किमान एक खंजिरी. विषय भक्ती, व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता किंवा जीवनाची नश्वरता. सिनेमाच्या चाली नकोत. इतर वाद्ये चालतील.

बाळांनो, एकही नियम आमच्या आड येत नव्हता. नश्वरतेवर आमच्याइतकं काम वऱ्हाडात कुणी केलं नसेल. मंडळाच्या नावाच्या जागी मी लिहिलं: शून्यघाट भजन मंडळ, अमरावती. खंजिरी मात्र कुणाला वाजवता येत नव्हती. ती आजोबांच्या हाती दिली. आजोबा म्हणाले, "चालेल की."

आणखी एक गोष्ट मी केली. आयुष्यभर वेळापत्रकं आखल्यामुळे मला ठाऊक आहे की शेवटच्या तासाला वर्ग रिकामा होतो आणि डब्याच्या आधीच्या तासाला कुणी जागचा हलत नाही. स्पर्धेला दुपारी जेवण होतं, तेही रोडग्यांचं. रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्यांच्या वासात बसलेला वऱ्हाडी माणूस भूकंपातही उठत नाही. मी संयोजकांना फोन करून जेवणाच्या अगदी आधीचा क्रमांक मागून घेतला. आमच्यात वयस्कर कलाकार आहेत, असं कारण दिलं. आजोबा होतेच.

आम्ही दामूभाऊंच्याच फुलांच्या टेम्पोतून गेलो. ड्रमच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. दामूभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी, मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अकोल्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी गजूला एवढंच विचारलं, "काई खाल्लं का?" गजू म्हणाला, "गाऊन झाल्यावर."

मांडव भरलेला होता. पुढे बाया, मागे पुरुष, कडेला रोडग्यांच्या भट्टीचा धूर. आमच्या आधी बार्शीटाकळीचं मंडळ झालं. त्यांचे पुंडलिकराव दामूभाऊंचे जुने प्रतिस्पर्धी, दरवर्षी पहिला नंबर या दोघांत इकडून तिकडे जाई. ते भरघोस टाळ्या घेऊन खाली उतरले आणि आम्ही वर चढलो.

प्रणालीने पहिला सूर छेडला. भजनासाठी बांधलेल्या कर्ण्यांतून तो बाहेर पडला आणि मांडवाखालची दोन कुत्री निघून गेली. मग सिद्धूचे दोन्ही पाय सुरू झाले. मग गजू. आजोबा, यंत्र डबीत ठेवून, स्वतःच्या मनातल्या कुठल्याशा गाण्यावर शांतपणे खंजिरी वाजवत होते. समोर लोकांचे चेहरे दगडासारखे. एका बाईने नातवाचे कान झाकले. एकाने हात जोडले, ते भक्तीने असावेत असं मला वाटत नाही. पण एकही माणूस उठला नाही. शेवटच्या आघातापर्यंत मांडव तसाच्या तसा बसलेला.

मी विजयी मुद्रेने खाली आले. मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत पंगतीत बसली. गजूने दोन दिवसांची भूक काढली. त्याच्या पानात चौथा रोडगा पडला आणि तेव्हाच दामूभाऊ माझ्याशेजारी येऊन बसले.

"मॅडम, लोक रोडग्यासाठी बसले व्हते."

"असं कसं म्हणता, दामूभाऊ?"

"संयोजकानं सांगतलं मले. अमरावतीच्या मॅडमनं जेवनाच्या आंधीचा नंबर मांगून घेतला म्हने." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे मी पाहत असे, अगदी तसंच. "हुशार हा तुमी."

मी वरणाकडे पाहत बसले.

"हे धरत नाई मी," ते म्हणाले. "जेवन झाल्यावर पंच निकाल लावतेत, तवा स्टेज रिकामं राह्यते. मी बोललो त्यायच्याशी. तवा गाय म्हना त्याले. अन् मंग पाहू."

गजूच्या हातातला घास हातातच राहिला. चार रोडगे पोटात, वरून तूप. आणि सगळा आवाज पोटातून काढायचा असतो.

जेवणानंतरचा मांडव तुम्ही पाहिलेला नाही. अर्धे लोक घरी, उरलेले सुपारी कातरत खांबांना टेकलेले, काही सरळ आडवे. पहिल्या सुराला तेही उठायला लागले. बाया पिशव्या सावरत निघाल्या. मी स्टेजजवळच्या खांबाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत रांगा रिकाम्या होत होत्या, मुलांचा बँडच त्या पिशव्यांबरोबर मांडवाबाहेर चालला होता. त्यात गजूचा आवाज येईना. तो तोंड उघडायचा, मान ताठ करायचा, आणि एक बारीक ढेकरेसारखं काही बाहेर पडायचं. सिद्धूने ठोके लांबवले. प्रणाली तेच तेच वाजवत राहिली.

मागून पुंडलिकरावांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दामूभाऊ, पोट्ट्याले इच्चू चावला का? आमच्या गावात उतरवनारा हाये बरं, सांगा तं बलावतो!"

लोक हसले. एक म्हातारी, जिला आमच्यापैकी कुणी ओळखत नव्हतं, सरळ स्टेजजवळ आली आणि मला म्हणाली, "काऊन वं माय, काय दुखून राह्यलं त्याले?"

मी माझ्या शुद्ध मराठीत तिला अर्थ सांगितला. देहाची हाडं होतात, हाडांची भुकटी होते, वारा ती घेऊन जातो, असं ते गाणं आहे.

"हे तं मले माईत हाये," म्हातारी म्हणाली. "मंग वरडून काऊन सांगून राह्यला?"

पुन्हा हशा पिकला. आणि दामूभाऊ उठले.

मला वाटलं, झालं. ते वायर काढायलाच निघाले. गजूलाही तेच वाटलं असणार, त्याने माईक खाली केला. दामूभाऊ स्टेजवर चढले, म्हातारीकडे वळले आणि त्या बसलेल्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माईत हाये तं कोनी गेल्यावर ऊर बडवून काऊन रडतं, बुढे? साध्या आवाजात सांगून आपल्याले समजते का? इतकी वर्सं मी गोड गाऊन सांगून राह्यलो, एकाले तरी समजलं का?" मग पुंडलिकरावांकडे हात करून, "अन् तुमी, बसा गुमान. माह्या पोराले काय चावलं थे माह्यं मी पाह्यतो."

आजोबांच्या हातातून त्यांनी खंजिरी अलगद काढून घेतली. आजोबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, ते म्हणाले, "चालेल की."

"गाय," दामूभाऊ गजूला म्हणाले.

"येत नाई, बाबा. रोडगे अडकले."

"उभा राहून येईन का बे? जेवल्यावर बसून म्हनतेत. बस खाली. मांडी घाल. पाठ सरळ."

गजू माईक घेऊन मांडी घालून बसला. दामूभाऊ त्याच्याशेजारी बसले आणि खंजिरी सुरू झाली. आमच्या वेगाच्या निम्म्यानेही नाही. सिद्धूने एक पाय बंद केला, मग दोन्ही पाय त्या ठेक्यावर आणले. प्रणालीने सूर लांब सोडले. आणि गजूच्या आतून तो आवाज निघाला. असा खोल मी आमच्या मागच्या खोलीत कधीही ऐकला नव्हता. तो ओरडत नव्हता. जमीन बोलली तर अशी बोलेल, असं वाटलं; आणि मी इतकी वर्षं याला स्वल्पविराम पुरवत होते!

दामूभाऊंची खंजिरी त्या भागात ओळखीची. मांडवाबाहेर गेलेली माणसं फाटकाशी थांबली. एकजण हातात लोटा घेऊन परत आला, तसाच टेकला. दोघी बाया आल्या, पिशव्या मांडीवर ठेवून बसल्या. मग आणखी काही. म्हातारी स्टेजच्या पायरीवरच बसली होती, ती काही हललीच नाही. पुंडलिकराव मात्र मागे उभे राहिले. बसले असं कुणी म्हणू नये याची त्यांनी शेवटपर्यंत काळजी घेतली. पण गेलेही नाहीत.

निकाल लागला. आमचा नंबर आला नाही. खंजिरीवादनाचं उत्तेजनार्थ बक्षीस मात्र आजोबांना मिळालं, जेवणाआधीच्या कामगिरीबद्दल. पंचांना तो काही अवघड, जुना ठेका वाटला असावा. बक्षिसाचा स्टीलचा जग अजून आपल्या स्वयंपाकघरात आहे.

टेम्पोत ड्रम चढवताना गजूने वडिलांना विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं. "मंग बाबा? लोक तं उठून गेले."

दामूभाऊ दोरी बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "जेवल्यावर कोनीबी उठते. उठून गेले थे मोजाचे नाईत. परत येऊन बसले थे मोजाचे."

गजूने तोंड फिरवलं आणि ड्रमवरची ताडपत्री नको तितका वेळ सारखी केली.

अमरावतीला परतताना दामूभाऊ बोलले, बरंच बोलले. त्यातलं मुख्य असं, "मॅडम, थे इंग्रजी कायले? मरनाले काय इंग्रजी लागते?" तेव्हापासून गाणी वऱ्हाडीत आहेत. ती लिहिते मीच, पण दर शनिवारी त्यांच्या दुकानात, हार ओवता ओवता ते माझी वऱ्हाडी तपासतात. "असं नाई म्हनत, मॅडम, हे पुस्तकातलं झालं," म्हणून माझ्या ओळी खोडतात. माझे वडील असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मला स्वतःला हे थोडं उशिरा होतंय असं वाटतं, आणि तुमच्या बाबांशी मी त्यांच्या लहानपणी याच भाषेत बोलले असते तर, हेही वाटतं. ते जाऊ दे. आत्तापर्यंत त्यांनी न खोडलेल्या दोनच ओळी आहेत:

हाड म्हने हाडाले, आता कायचा रुसवा,
झेंडूच्या एका माळेत दोघाईले बसवा.

गजू आता आठवड्यातून एक दिवस भजनात वडिलांच्या मागे बसतो, आणि तीन दिवस वडील आमच्या मागच्या खोलीत गजूच्या शेजारी. दामूभाऊ फार हळू वाजवतात अशी प्रणालीची तक्रार आहे. सिद्धूची बदली होणार होती, ती त्याने खटपट करून अकोल्यापर्यंतच आणली. तो आगगाडीने येतो आणि नेहमी उशिरा येतो, त्याची नोंद मी ठेवते. आम्हाला अजून कुणी फारसं ओळखत नाही. बाळापूरकडच्या गावांत मात्र लोक कार्यक्रमाआधी विचारतात, जेवण आधी की नंतर.

या लेखासोबत मी तुमच्या बाबांच्या ईमेलवर एक गाणं पाठवते आहे. सुरुवातीला आवाज कमी ठेवा. ईशान, घाबरलास तर उठून जा, रेवा, तूही जा. इथे त्याचं कुणाला वाईट वाटणार नाही. दामूभाऊंनी मोजायचं कसं ते तुम्ही वाचलंच आहे.

तुमची आजी